वाढलेल्या प्रथिनांचे कौतुक

माझा थोरला भाऊ मोशीच्या तालमीत घडला. आता साठी ओलांडली, तरी रोज पहाटे तालमीच्या ओट्यावर बसून तो नव्या मल्लांना डाव सांगतो. गेल्या हिवाळ्यात त्याची कंबर सारखी दुखू लागली, म्हणून मी रक्ततपासणी करवली. एकूण प्रथिने प्रमाणापेक्षा जास्त होती. तेवढेच मी ओट्यावर वाचून दाखवले.

"म्हंजे खुराक अजून अंगात हाय!" त्याने मांडीवर थाप मारली.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "दादा, यंदा जत्रंला तुमचीच कुस्ती लावू."

"लावा की! पर तोडीची जोड कुठनं आनाल?"

मीही हसलो. दूध-बदामावर पोसलेल्या आमच्या घरात प्रथिने वाढणे हा आजार असेल, असे कोणाच्या मनात येणार? कंबरेला तेल चोळणे चालू राहिले.

महाळुंग्याच्या कारखान्यात मी मालाची गुणवत्ता तपासतो. केवळ वजन भरले म्हणून मिश्रधातू स्वीकारत नाही. त्यात कोणता धातू किती, ते पाहतो. भावाच्या रक्ताला मात्र ती शिस्त मी लावली नाही, हे मनाला फार लागले. तेही जिना चढताना त्याला धाप लागली तेव्हा. मग अहवाल घेऊन दिघीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

"हे खुराकानं होत नाही," त्या म्हणाल्या. "प्रथिनांतलं अल्ब्युमिन कमी आहे आणि ग्लोब्युलिन फार वाढलंय. एकच प्रथिन बेसुमार तयार होतंय का, ते बघू."

प्रथिने वेगवेगळी करून पाहणारी चाचणी झाली. आलेखात एकच सुळका उभा होता. हाडांच्या मज्जेतला आजार असू शकतो, मज्जा तपासल्याशिवाय नाव देता येणार नाही, आणि उशीर मूत्रपिंडांना परवडणारा नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

"हाडात सुई? न्हाई," भाऊ म्हणाला.

घरी वाद घालून उपयोग नव्हता. दुसऱ्या पहाटे मी तालमीत गेलो आणि त्याच ओट्यावर, त्याच मंडळींसमोर म्हणालो, "त्या दिवशी मी अर्धवट वाचलं. ही ताकद नव्हे. दादाला तपासणीला न्यायचंय."

तो म्हाताराच म्हणाला, "दादा, घ्या, तोडीची जोड आली. आता हात न मिळवताच माघारी फिरता व्हय?"

"लबाड हाईत समदे," भाऊ पुटपुटला. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "गाडी काढ."

मज्जेची तपासणी काल झाली. निदान यायचे आहे. जे येईल ते मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आहे, आणि त्याच ओट्यावर.