दुखतं तिथे हात

फौजीने उमेदीची सगळी वर्षं तोफखान्यात काढली. गोळ्यांच्या पेट्या वाहून कंबर गेली, ती नोकरीमुळेच गेली हे सरकारने मान्यही केलं. पण कंबर वाकेना म्हणून पुढची सगळी ओढाताण मानेने सोसली आणि शेवटी तीही आखडली. मागून हाक मारली की अख्खा माणूसच वळायचा. गल्लीतले म्हणायचे, फौजीला भारी ऐट! त्याच्या बायकोला, गल्लीच्या मामीला, ते ऐकून तळपायाची आग मस्तकात जायची.

मान कमरेमुळेच गेली असं लष्करी डॉक्टरांनी लिहून दिलं, तरच अपंगत्वाची पेन्शन वाढणार होती आणि मानेवर उपचार मिळणार होते. अर्ज एकदा फेटाळला गेला होता, तोही फौजीच्याच प्रतापाने. समोर कर्नलच्या हुद्द्याचे डॉक्टर दिसताच गडी सावधानमध्ये उभा. त्रास काय होतो म्हणून विचारलं, तर म्हणे "काही नाही, सर!" घरी उशा बदलून बदलून बायकोला वैताग आणणारा माणूस साहेबापुढे एकदम ठणठणीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

या खेपेला तपासणीच्या खोलीत मामीही शिरली. डॉक्टरांनी तेच विचारलं.

"काही नाही, सर!"

मामी उठली. "साहेब, यांना विचारू नका. वरिष्ठांपुढे यांनी जन्मात रडगाणं गायलं नाही, त्याचा मला अभिमानच आहे. पण हुकूमही कधी मोडला नाही. तुम्ही हुकूम द्या."

"अगं, गप्प बस ना," फौजी पुटपुटला.

डॉक्टर खुर्ची सोडून उभे राहिले आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "जवान! दुखतं तिथे हात ठेव!"

फौजीचा हात कमरेवर गेला. मग मानेकडे निघाला आणि खांद्याशीच अडला. कपाळावर घाम आला, तरी तो हात खाली घेईना. शेवटी मामीने तो धरून हळूच मानेवर टेकवला.

"इथे, सर." आवाज फुटला, पण नजर खाली गेली नाही.

"इतकी वर्षं अंगावर काढलंस?" डॉक्टरांनी मान आणि कंबर चाचपून पाहिली आणि ते खुर्चीत बसले. "मान कमरेमुळेच गेलीय. तसं लिहितो मी."

बाहेर बाकावर एक म्हातारा शिपाई आपल्या पाळीची वाट बघत होता. नाव पुकारताच तो कण्हत उठला आणि दारापाशी छाती काढून उभा राहिला. फौजी अख्खा वळला.

"गड्या, दुखतं ते आत सांग," तो म्हणाला. "मी सांगितलंय."