सासूबाईंच्या कानातलं वळण

गेल्या महिन्यात एका मंगळवारी शाळेतून अर्धी सुट्टी टाकून सासूबाईंना भंडाऱ्याला नेलं. सिहोऱ्याहून एसटी, तुमसरला बस बदलायची, वर ऊन... खरं तर जायची इच्छाच नव्हती.

त्याच्या चार महिने आधी ह्यांनी आईसाठी कानाचं मशीन आणलं होतं. सासूबाई ते सकाळी लावायच्या आणि तासाभरात काढून डबीत ठेवायच्या. मी दिवसभर वर्गात ओरडायचे, घरी येऊन पुन्हा ओरडायचे... घसा कायम बसलेला.

त्यांना माझं बोलणं ऐकायचंच नाही, असं मनात बसलं होतं. एकदा तसं बोलूनही गेले. त्या तांदूळ निवडत राहिल्या. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

दवाखान्यात कान तपासणाऱ्या मॅडम होत्या. मी आधीच सांगून टाकलं, "मशीन चांगलं आहे मॅडम, ह्याच वापरत नाहीत." त्यांनी मशीन बाजूला ठेवलं आणि लाइट लावून कान बघितला. बराच वेळ बघितला.

"यांच्या कानाची नळी अरुंद आहे, आणि आत जाऊन लगेच वळते. मशीनची ही रबरी टोपी नेमकी त्या वळणावर घासते. आत जखम झालीय." मग सासूबाईंच्या जवळ वाकून त्यांनी मोठ्याने विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय आजी?"

"पहिल्या दिवसापासूनच दुखून राहिलं," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "पोरानं एवढ्या हौसेनं आणलं... कायले सांगू? तू बी थकून येते घरी."

मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली, एवढंच.

पंधरा दिवस औषध घातलं. जखम भरल्यावर मॅडमनी कानात मऊ लगदा भरून साचा घेतला आणि टोपीच्या जागी सासूबाईंच्याच कानाच्या मापाचा तुकडा बनवून दिला. आता सकाळी लावलेलं मशीन त्या झोपतानाच काढतात. परवा शेजारच्या काकूंशी तासभर गप्पा मारत होत्या... मी आत आडवी पडून ऐकत होते.

थकवा आहेच, तो काही जात नाही. पण चार महिने आम्ही घरातले सगळे त्यांना 'मशीन लावा, मशीन लावा' एवढंच म्हणत होतो. दुखतंय का, हे एका परक्या बाईने विचारलं... तिचे आभार कसे मानायचे, अजून कळलेलं नाही.