तेच यान, तोच स्फोट

आईला मी शहाणं केलं, आणि तेच आता माझ्या जिवाला लागून राहिलंय.

ती आमच्याकडे भिंगारला राहायला आली आणि संध्याकाळचा टीव्ही तिच्या ताब्यात गेला. नेवाशाजवळच्या खेड्यात जन्म काढलेली बाई, सासू-सुनांच्या मालिका बघेल असं मला वाटलं होतं. ती अडकली मराठीत डब केलेल्या अंतराळाच्या मालिकेत. ऐन जेवणाच्या वेळी त्यात एखादं यान फुटायचं आणि आई हातातला घास ताटात ठेवायची.

"किती मानसं आसतील गं त्यात?"

आमच्या गावात मयत झालं की ते उचलेपर्यंत कुणी जेवत नाही. आभाळातलं मयत उचलणार कोण, हा प्रश्न तिला पडायचाच नाही. ती ताट सरकवून मोकळी. तिला शुगर, गोळी आधीच घेतलेली. एकदा भाकरीला हात न लावल्याने साखर उतरून ती घामाने डबडबली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अगं, एकच यान आहे ते! खर्च वाचवायला तोच स्फोट दर आठवड्याला चिकटवतात."

मोबाईलवर दोन भाग काढून दाखवले. डावीकडून उडणारा तोच पत्रा, तोच धूर. तिने दोन्ही भाग परत लावायला लावले.

"म्हंजी नवं कुनी मेलं न्हाई?"

"कुणीच नाही. आधीसुद्धा कुणी मेलं नव्हतं."

त्या दिवसापासून आई पोटभर जेवू लागली. यान फुटलं की म्हणायची, "आला बघ तुझा पत्रा." मी स्वतःवरच खूश होते. डॉक्टरांनाही मोठ्या तोंडाने सांगितलं.

गेल्या आठवड्यात जेवताना बातम्या लागल्या होत्या. कुठल्याशा घाटात बस कोसळली होती. क्रेनने ती वर ओढतानाचं तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. आईने ठेच्याची वाटी पुढे ओढली.

"तेच हाय. परत परत चिकटवत्यात."

अनोळखी माणसांसाठी जेवण सोडणारी माझी आई, तिची हळहळ मीच घालवली होती. फार अपराधी वाटलं.

"आई, ही बस खरी आहे गं. माणसं खरंच गेलीत."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हय? मंग तू कशी जेवतीस?"

उत्तर द्यावं म्हटलं, तर माझ्या तोंडात घास होता.