मामाची जागा

लग्नात सर्जेराव आबांनी माइक हातात घेतला की वऱ्हाडी पोटावर हात ठेवून बसायचे. आशीर्वादाच्या नावाखाली पाऊण तास! खुटबावात त्यांच्यामुळे एकही लग्न मुहूर्तावर लागलं नसेल. तोच माणूस एकदा सोसायटीच्या सभेत एकाएकी घामाघूम झाला. छातीत धडधड, हातपाय गार. वाटलं, गेलो आता. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही चांगले निघाले.

पुढे माणसं जमली की तेच होऊ लागलं. आधी बाजार सुटला, मग चावडी. शेवटी विहिरीपलीकडे पाऊल पडेना. आणि आम्ही शहाणे! किराणा घरपोच, न्हावी घरपोच. मी शेजारी, रोज पेपर नेऊन द्यायचो. त्यांना घरात डांबायला जेवढी मदत करता येईल तेवढी आम्ही केली.

त्यांची सख्खी बहीण साखरबाई कासुर्डीला वारली. दशक्रियेला निघालेले आबा हायवेवरूनच माघारी आले. रडलेही नाहीत. "काय वाटतच न्हाई रं दत्ता," म्हणाले. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता.

वर्षभराने साखरबाईची प्रांजल आली. तिचं लग्न ठरलं होतं.

"मामा, आई न्हाई. माझ्या पाठीशी तुम्हीच उभं राहायचं. न्हाई आलात तर जागा मोकळी ठेवीन, दुसरं कुणी उभं करायची न्हाई."

मग मीच त्यांना दौंडला अनुपमा मॅडमकडे नेलं. मनाच्या आजारावर त्या उपचार करतात. आबा गाडीत डोळे मिटून बसले होते. मॅडमनी कागद दिला. कुठं किती भीती वाटते, शून्य ते दहा, लिहायचं. "सोप्या जागेपासून सुरुवात करा. भीती कितीही चढली तरी तिथंच थांबा, ती आपोआप उतरते. चढलेली असताना पळालात, तर पुढच्या वेळी जास्त चढते." सोबत कुणी न्यायचं नाही. मलाही दम भरला, पेपर बंद!

पाच महिने चाललं. शाळेचं फाटक, एसटीचा थांबा, यवतचा बाजार. आबा जायचे, उभे राहायचे, आकडा लिहून परत यायचे. ना आनंद, ना दुःख. कसं झालं विचारलं तर म्हणायचे, "सातावरनं चार."

लग्नाला दीड हजार माणूस. माइकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." आबा आले, प्रांजलच्या मागे उभे राहिले. चेहरा पांढराफटक. मी लांबून खूण केली, त्यांनी नऊ बोटं दाखवली. मंगलाष्टका दहा मिनिटांत संपणार, आणि भीती उतरायच्या आधीच आबा नवावरच पळणार.

तेवढ्यात आनंदराव सभापती 'दोन शब्द' बोलायला उठले. त्यांच्यामागून आणखी तिघं. मंडप वैतागला. मी मात्र जन्मात पहिल्यांदा भाषणाला टाळ्या वाजवल्या. पाऊण तासाने आबांची तीनच बोटं वर होती.

मंगलाष्टका सुरू झाल्या. आबांनी मान वर केली. बायकांच्या बाजूला एकेक खुर्ची पाहत त्यांची नजर शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्या रांगेवर आली. अक्षता पडल्या, लोक पंगतीकडे धावले. आबा जागचे हलले नाहीत. प्रांजलच्या खांद्यावर हात ठेवून हमसून हमसून रडत होते.

मी घाबरून पळत गेलो. "आबा, किती झालं?"

"भ्या न्हाई वाटत रं," ते म्हणाले. "साखर कुठंच दिसंना."