गोल टेबलाची काठपट्टी

"१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ढगाळ. नळाचं पाणी नऊला गेलं. टेबलाचा व्यास मापला, एकशे तीन सेंटिमीटर. म्हणजे परीघ तीनशे तेवीस पूर्णांक सात. तेवढी पट्टी कापली. कमी पडली."

काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि टेबलाकडे पुन्हा पाहिलं. कडेला चार बोटांची फट होती, ती काही वहीत लिहिल्याने भरणार नव्हती.

टेबल त्यांच्या नवऱ्याचं. सुतार माणूस. गेला तेव्हा टेबल पायांवर उभं होतं, फक्त कडेभोवती लावायची लाकडी पट्टी राहिली होती. तीही त्यानेच रंधा मारून ठेवलेली, एकुलती एक. मुलगी म्हणाली होती, "आई, पुरं झालं तर मी नेईन. अर्धवट सामान कुठे ठेवू?" बापाच्या हातची एक तरी वस्तू लेकीच्या घरात नांदावी, एवढंच काकूंना हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात त्याच्या हातची कपाटं होती, स्टुलं होती. पण स्टुलाशी माणूस बोलून बोलून बोलणार किती?

नवरा कधी आकडेमोड करत नसे. कडेभोवती सुतळी फिरवायची, दोन बोटं जास्त धरायची, कापायची. काकू मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या. व्यास गुणिले बावीस सप्तमांश, हे झोपेतही सांगतील. "तुझं गणित कागदावर गोल," तो चिडवायचा, "लाकडाला कुठे ठाऊक असतं?" या खेपेला त्याला खोटं पाडायची संधी होती. फक्त तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. नवऱ्याचे जुने जोडीदार. कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "वहिनी, गणित चोख आहे."

"मग?"

"तुम्ही मधून गेलाच नाहीत."

त्यांनी टेपचं एक टोक अंगठ्याने कडेवर दाबलं आणि दुसरं टोक समोरच्या कडेवरून हळूहळू सरकवलं. आकडा चढला. एकशे एक, एकशे तीन, एकशे पाच. मग पुन्हा उतरू लागला.

"सगळ्यात मोठा आकडा तोच खरा. बाकीच्या नुसत्या आडव्या रेघा."

"भूमितीतल्या जीवा," काकू पुटपुटल्या. "व्यास केंद्रातून जातो, हे साठ वर्षं पाठ आहे मला. केंद्र मात्र नजरेनेच धरलं."

"नजरेने माणसंसुद्धा चुकतात, वहिनी. हे तर लाकूड."

कापून उरलेल्या पट्टीतून मिस्त्रींनी फटीएवढा तुकडा काढून बसवला. पण एका जोडाचे दोन झाले, आणि मधल्या तुकड्याच्या रेषा शेजारच्या रेषांशी काही केल्या जुळेनात.

"लेकीला फोटो पाठवाल तेव्हा हा भाग भिंतीकडे करा," हात पुसत मिस्त्री म्हणाले. "तोही तेच करायचा. गिऱ्हाईक कधी वाकून बघतं का?"

"म्हणजे आयुष्यभर लबाडी?"

"लबाडी नाही हो. धंदा."

ते गेल्यावर काकूंनी टेबल फिरवलं. जोड खिडकीसमोर आणले, उजेडात. इतक्या वर्षांत वहीत त्यांनी पावसाचा थेंबसुद्धा वाढवून लिहिला नव्हता. लेकीला कशाला फसवायचं? फोटो काढला आणि खाली लिहिलं, "माझं माप चुकलं. दोन जोड दिसतात."

उत्तर रविवारी दुपारी आलं. "छान झालंय. पण आई, जोड फारच दिसतोय गं. आणि आमच्या खोलीत चौकोनीच नीट बसतं. तुझ्याकडेच राहू दे."

काकूंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा 'छान झालंय'च्या पुढे गेल्या नाहीत. "बरं," एवढंच कळवलं. मग पदर खोचला, आणि टेबल एकेक पाय सरकवत, मध्ये दोनदा धापा टाकत, स्वयंपाकघरात नेलं.

"१७ नोव्हेंबर, रविवार. ऊन. गोल टेबल आत लावलं. एका पायाखाली पुठ्ठ्याची दुहेरी घडी घातली. आता डुगडुगत नाही."