एक काढ, एक लाव

एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी माझा शो असायचा. जागा पार्किंग, तिकीट फुकट. सेक्रेटरी, वॉचमन, भाजीवाल्या मावशी, कुणाचाही आवाज मागा, काढून देतो. पंधरा-वीस लोक हमखास. आणि एका रविवारी खाली उतरतो तर सगळे माझ्याकडे पाठ करून उभे! मधोमध राऊतकाकू. तिसऱ्या मजल्यावर नुकत्याच राहायला आल्या होत्या. गाऊनवर ओढणी खोचून, जुन्या लाल गाडीचं बॉनेट उघडून, सायकलच्या पंपाने इंजिनावर हवा मारत होत्या.

"काकू, पंक्चर चाकाला होतं," मी म्हटलं.

एरवी यावर पार्किंग हललं असतं. कुणी ढुंकून बघितलं नाही.

"प्लग काढायच्या आधी त्याच्या खड्ड्यातली माती उडवायची, बाबू," काकू मान वर न करता म्हणाल्या. "नायतर आत पडते. आनि जरा बाजूला हो. उजेड अडतोय."

यावर मात्र सगळे हसले. माझ्या बाबांसकट.

बाबांचं सांगायलाच हवं. माझ्या नकलांना बाबा कधी हसलेले नाहीत. मी वाट्टेल ते करू दे, पेपरमागून फक्त "हं". आणि तोच माणूस काकूंसाठी मोबाइलचा टॉर्च धरून उभा! जळलो मी. साफ जळलो.

काकू निर्मळ गावच्या. वाडीतली मोगऱ्याची, सोनचाफ्याची फुलं पहाटे याच गाडीतून स्टेशनला पोचवायच्या. एकदा गाडी वाटेत बंद पडली आणि मेकॅनिक येईस्तोवर करंड्यांतला मोगरा काळा पडला. "फुलं कोनासाठी थांबत नाय," त्या सांगायच्या. "त्या दिवशी ठरवलं, आता मेकॅनिकची वाट बघायची नाय."

त्यांचं काम बघत राहावं असं होतं. हे लिहिताना आजही माझी दाढ दुखते. प्लगची वायर ओढायची नाही, तिची टोपी धरून हलकेच पिळून काढायची. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवायचा, पाना शेवटी. "वाकडा चाललाय ते बोटाला कळतं. पान्याला नाय कळत, तो नुसता जोर करतो." हे बोलताना त्या नेमक्या माझ्याकडे का बघायच्या, देव जाणे. आणि सगळ्यात मोठा नियम: चार वायरी एकदम उपटायच्या नाहीत, जागा चुकतात. "एक काढ, एक लाव. दुसरीला हात नाय."

या वाक्याची नक्कल मी महिनाभर करून बघितली. चाललीच नाही. लोक म्हणायचे, "अरे, ओरिजिनल खाली उभं आहे की!"

सोसायटीतल्या जुन्या गाड्यांची रांग लागली. चौथ्या रविवारी आमचा नंबर. बाबांनी स्वतः जाऊन काकूंना विचारलं होतं. नवे प्लग बसले, नव्या वायरी लागल्या, आणि कुणीतरी चहा आणला म्हणून सगळे तिकडे वळले. मी पुढे झालो. पहिल्या-दुसऱ्या वायरींची अदलाबदल केली. किती वेळ लागतो?

बाबांनी चावी फिरवली. गाडी ठसकली, थरथरली, मागून फाट्‌कन आवाज आला. बाबांचा चेहरा एवढासा झाला. मी ठसक्याची नक्कल करायला घसा साफसुद्धा केला.

काकूंनी इंजिनाकडे बघितलंच नाही. माझ्या बोटांकडे बघितलं. काळी होती. खांद्यावरचा फडका माझ्या हातात देऊन त्या हळूच म्हणाल्या, "हात पूस आधी." मग मोठ्याने, "माझीच चूक झाली, भाऊ. वय झालं आता."

दोन मिनिटांत वायरी जागेवर. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. टाळ्या! माझ्या इतक्या आवाजांना मिळून पडल्या नसतील तेवढ्या काकूंच्या चुकीला पडल्या. आणि ती चूकही माझीच होती.

त्या बाबांना सांगतील म्हणून मी कित्येक दिवस वाट बघितली. सांगितलं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं. नाही सांगितलं. जिन्यात भेटल्या की "काय बाबू, आज कोनाचा आवाज?" एवढंच.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला आणि काकू वाडीवर परत गेल्या. सायकलचा पंप मात्र आमच्या दाराशी ठेवून. मला वाटलं, चला, रविवार परत आपला.

परवा आमच्या गाडीचे प्लग बदलायचे होते. बाबा मेकॅनिकला फोन लावत होते, मी म्हटलं, "मी करतो." त्यांनी फोन कट केला. मग त्याच मोबाइलचा टॉर्च लावला.

हवा मारली. पहिली टोपी पिळून काढली. प्लग बोटांनी फिरवत होतो आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, त्याच आवाजात, "एक काढ, एक लाव. दुसरीला हात नाय."

बाबा गर्रकन मागे वळले. जिन्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग माझ्याकडे बघून हसले. मोठ्याने, टॉर्च हलेपर्यंत.

"अगदी काकू रे!" म्हणाले.

बावीस वर्षं थांबलो होतो त्या हसण्यासाठी. मिळालं, तेही काकूंच्याच नावावर.