बल्गेरियातल्या घराचे अकरा मालक

आमच्या घराण्याची बल्गेरियात एक कंपनी आहे. तिला ऑफिस नाही, नोकर नाही, धंदा तर नाहीच नाही. मालक मात्र अकरा आहेत आणि त्या अकरांपैकी एकाचाही दुसऱ्यावर भरवसा नाही. अशी कंपनी उभी करणं साध्या माणसाचं काम नव्हे. तिथे माझ्यासारखा, तीस वर्षं जिंतूरच्या तहसीलसमोर टेबल टाकून बसलेला दस्तलेखकच लागतो!

झालं असं, की आमची मुक्ता तिकडे डॉक्टरकी शिकायला गेली. चौथ्या वर्षी तिच्या घरमालकाने महिनाअखेर खोली खाली करायला सांगितलं. कॉलेजपासून जवळच्या खेड्यात एका म्हातारीचं दोन खोल्यांचं घर विकायला होतं. पुढे अंगण, मागे अक्रोडाचं झाड. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. तेवढ्यात जिंतुरात नुसता जिना आला असता.

"पण बाबा, एक अडचण हाय," मुक्ता फोनवर म्हणाली. "इथं आपल्यासारख्यांच्या नावावर जमीन होत न्हाई. कंपनी काढायची अन् कंपनीच्या नावावर घर घ्यायचं, समदे तसंच करतेत. वकीलबाई म्हणायल्यात, एका मालकाची कंपनी चार दिवसांत होती."

"एका मालकाची? अगं, एकाच्या नावावर केलं की भावकी कोर्टात उभी राहती!"

"इथं कुठली आलीय भावकी?"

"येती. नकाशा बघितला की येती."

(हे मी इतक्या सहज बोलून गेलो, की आपण भाकीत केलंय हे पुढे महिनाभर लक्षात आलं नाही.)

मी कामाला लागलो. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी, पाचांचे पाच जोडीदार आणि मुक्ता, असे अकरा हिस्सेदार धरले. वर एक कलम घातलं, 'सर्व हिस्सेदारांनी एकत्र सही केल्याखेरीज कोणताही व्यवहार ग्राह्य धरला जाणार नाही.' हे कलम माझं लाडकं आहे. तालुक्यात निम्म्या दस्तांत ते मी घातलंय. (त्या दस्तांचं पुढे काय झालं, ते विचारायला मी कधी गेलो नाही.)

नावावरून दोन दिवस वाद झाला. शेवटी थोरल्या आण्णाने वडिलांचं नाव पुढे केल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. 'कैलासवासी गणपतराव आणि परिवार' असं नाव पाठवलं. तिसऱ्या दिवशी वकीलबाईंचा निरोप आला, 'बाकी सर्वांचे पासपोर्ट मिळाले. मिस्टर कैलासवासी यांचा अजून आला नाही.'

सह्यांसाठी आम्ही दहा जण एका जीपमध्ये कोंबून परभणीला नोटरीकडे गेलो. मुक्ताने तिकडे सही केली. लग्नाला निघाल्यासारखी मजा आली. आक्का, म्हणजे माझी सोनपेठची थोरली बहीण, दशम्या घेऊन आली होती. कंपनी झाली, पेढे वाटले, आणि धाकट्या दिलीपने खताच्या दुकानात स्वतःच्या नावाची कार्डं छापून ठेवली: 'संचालक, बल्गेरिया'. युरिया घ्यायला येणाऱ्याला तो पावतीबरोबर एक कार्ड द्यायचा.

आता फक्त घर घ्यायचं राहिलं होतं. त्याच्या ठरावावर पुन्हा अकरा सह्या! पण पहिल्या वेळी सही करणारे नुसते नातेवाईक होते. आता ते मालक झाले होते.

म्हातारीने शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती, कारण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. मुक्ता सामान बांधून बसली होती. शुक्रवारी सकाळी सगळे आमच्या घरी जमले. पाच वाजेपर्यंत परभणीला पोचायचं होतं. ठराव वाचून दाखवताना सवयीने मी चतुःसीमाही वाचल्या आणि जागेचा नकाशा मध्ये ठेवला. अजून कुणी मागितलाही नव्हता!

दिलीपने तो उचलला. "रस्त्याच्या अंगाची बाजू माझी. फुडं गाळे काढता येतील."

"काका, गावात चाळीस माणसं हायत, समदी म्हातारी," मुक्ता व्हिडिओवरून म्हणाली. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता.

"आज हायत चाळीस. गाळे झाल्यावर वाढतेत."

"अन् अक्रोड?" आण्णाने विचारलं. "झाड हद्दीच्या धुऱ्यावर हाय का आत?"

"आण्णा, आधी घर तर घेऊ द्या!" मी ओरडलो.

"घेऊन मग भांडायचं का? आत्ताच ठरवा की नीट."

कागदावर कुणाला काही दिसेना, म्हणून दिलीप रांगोळीचा डबा आणि टेप घेऊन आला. बघता बघता आमच्या अंगणात बल्गेरियाचं घर उमटलं. मधोमध रेघ मारून वाटण्या पडल्या. धाकट्या बहिणीच्या वाट्याला संडास आला, म्हणून ती रडायला लागली. तिचा नवरा तिची समजूत घालता घालता अक्रोडावर उभा राहिला, त्यावर आण्णाने हरकत घेतली.

आक्का उठली, रांगोळीतल्या आतल्या खोलीत शिरली आणि मांडी घालून बसली.

"आक्का, दोन वाजलेत. सही कर अन् जीपमदी बस," मी म्हणालो.

"न्हाई. मागच्या खेपंला जमिनीवरलं हक्कसोड लिहून घेतलंस, तवा एक लुगडं दिलंस अन् सही घेतलीस. मी इचारलं पण न्हाई कशाची हाय. आता माझी खोली कंची ती सांग."

तो दस्त मीच लिहिला होता, आणि अक्षर चांगलं आलं म्हणून खूशही झालो होतो. खरं सांगतो, शरम वाटली. "तू बसलीस ती तुझीच," मी म्हणालो.

"तसं कागदावर लिही."

मी लिहिलं. लगेच बाकीचे आठ जण आपापल्या रेघांत जाऊन बसले आणि म्हणाले, "आमचं बी लिही!" माझी बायको शोभासुद्धा! तिने स्वयंपाकघर धरलं होतं.

फोनवर मुक्ताच्या शेजारी रुमाल बांधलेली एक म्हातारी दिसायला लागली. घराची मालकीण! करार करायला आली होती. तिने काहीतरी विचारलं, मुक्ताने मान खाली घालून काहीतरी सांगितलं. म्हातारी एवढी हसली, की चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

"काय म्हणायलीय?" मी घाबरून विचारलं.

"म्हणायलीय, तिचे तीन भाऊ हायत. ह्याच अंगणावरून बारा वर्षं बोलत न्हाईत. म्हणून विकायली होती. आता म्हणती, अकरा मालक माझ्या दारात नकोत, पोरगी तेवढी पाठवा. दोनातली एक खोली भाड्यानं द्यायलीय."

पाच वाजून गेले होते. सगळे आपापल्या हिश्शात खाली माना घालून बसलेले. मग पहिली आक्काच उठली आणि फोनजवळ जाऊन म्हणाली, "बाई, पोरीला सांभाळा हो." म्हातारीने मराठी कळल्यासारखी मान हलवली. त्याच संध्याकाळी मुक्ता सामान घेऊन तिकडे राहायला गेली.

भाड्याचा कागद मुक्ताने मला पाठवला. तो तिने स्वतः लिहिला होता. अर्धं पान, दोन सह्या. मी चूक शोधली. सापडली नाही. (दोन दिवस शोधली.)

आता कंपनी बंद करायचीय, नाहीतर दरवर्षी कागद भरत बसा. अर्ज मीच लिहिला, आणि माझ्याच लाडक्या कलमाप्रमाणे त्यावरही अकरा सह्या लागतात. वाटलं होतं, दोन वर्षं सहज जातील. पण आक्का एसटीने येऊन सही करून गेली, दिलीपने उरलेली कार्डं बंबात घातली, मुक्ताचाही कागद आला. आठ दिवसांत दहा सह्या झाल्या! अकरावा गडी तेवढा अडून बसलाय. आण्णा त्याला दटावतो, मुक्ता रोज फोन करते, शोभाने तर त्याच्याशी बोलणंच टाकलंय. तो कोण, हे सांगायला मला जरा संकोच वाटतो. पण काय करू? तीस वर्षं दुसऱ्यांची नावं कागदावर लावली, माझं स्वतःचं परदेशात एकदाच लागलंय!